गाडी म्हणाली आयटीआय आणि दादा उतरले

स्टेशनबाहेरच्या बस चौकीत खिडकीमागे जी बाई बसलेली असते ना, हातात पेन आणि कानाला फोन, ती मी. हुद्दा वाहतूक नियंत्रक, पण सगळे स्टार्टरच म्हणतात. आधी बरीच वर्षं कंडक्टर होते. शहराचं नाव लिहीत नाही, महापालिकेची बससेवा आहे आणि शहर ना फार मोठं ना फार लहान, एवढं पुरे.

लोकांना वाटतं आम्ही नुसत्या गाड्या सोडतो. खरं काम गाड्यांमधलं अंतर सांभाळण्याचं असतं. पुढची गाडी सिग्नलला अडकली की तिच्या थांब्यांवर माणसं साचतात, ती चढवण्यात तिला अजून उशीर होतो, मागची गाडी रिकामी पळत येऊन तिला चिकटते, आणि मग लोक म्हणतात दोन गाड्या एकदम येतात नंतर पाऊण तास काही नाही. ते होऊ नये म्हणून एकीला चार मिनिटं धरायची, एकीला अर्ध्यातून फिरवायची, आणि हे करताना खिडकीतून येणाऱ्या "सात नंबर कधी?" ला प्रत्येक वेळी नीट उत्तर द्यायचं. नीट म्हणजे "येईल" असं नाही, "पेट्रोल पंपापर्यंत आलीय, दहा मिनिटं" असं. मला ह्या उत्तराचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तर मे महिन्यात जलवाहिनीच्या कामासाठी सात नंबरचा मुख्य रस्ता खणायला घेतला. आदेश आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीपासून अंमल. "सदर मार्गावरील बसेस पर्यायी मार्गाने वळविण्यात येत आहेत" वगैरे. त्यात फेरीमागे किती किलोमीटर वाढले ते दोन दशांश स्थळांपर्यंत होतं, पण मधले कुठले थांबे बंद राहणार त्यांची नावं नव्हती. हे का, तर आता बऱ्याच शहरांत असतं तसं आमच्याकडेही गाड्या ठेकेदाराच्या, ड्रायव्हर त्याचा, कंडक्टर आमचा, आणि पालिका ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे देते. तिकिटाचे पैसे पालिकेकडे जातात, त्यामुळे गाडीत माणसं बसली काय न बसली काय, ठेकेदाराचं बिल किलोमीटरवरच निघतं. म्हणून मार्ग वळला की कार्यालयातला पहिला प्रश्न "किमी किती वाढले". आदेशाच्या खाली "प्रत माहितीसाठी" अशी मोठी यादी असते, वाहतूक पोलीस, डेपो, लेखा विभाग, ठेकेदार. त्या यादीत थांब्यावर उभं राहणारं माणूस कुठेच नसतं.

पहिल्या सकाळी एमआयडीसीत जाणाऱ्या बायका बंद थांब्यांवर उभ्या राहिल्या. ह्यांचा सातचा गेट चुकला की हाफ डे लागतो. मी चौकीतल्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून, पहिल्या फेरीच्या कंडक्टरकडून ज्या थांब्यांपर्यंत पोचता येत होतं तिथे बांधून घेतलं, आणि मारुती मंदिराजवळच्या भाजीवाल्या मावशींना फोन केला की बायांना सांगा मागच्या गल्लीत या. तासाभरात बऱ्यापैकी घडी बसली. वाटलं झालं.

आणि साडेनऊच्या सुमाराला चौकीच्या मोबाईलवर फोन आला. "मॅडम, मी सात नंबरमधून उतरलोय, पण हे आयटीआय नाहीये. मला दिसत नाही. मी कुठे आहे ते सांगता का?"

आवाज ओळखीचा होता. हे दादा आयटीआयजवळच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहेत, मी कंडक्टर असताना माझ्या गाडीला असायचे. पांढरी काठी, खांद्याला बॅग, पुढच्या दरवाजाजवळची सीट. आवाजात घाबरल्याचं काही नव्हतं, पण मागे हॉर्न एवढे वाजत होते की मीच घाबरले.

मी म्हटलं, "दादा, आधी रस्त्याच्या कडेला सरका, पाय उचलून टाकू नका, खणलेलं असेल. आता काय काय ऐकू येतंय ते सांगा."

ते म्हणाले डाव्या हाताला पिठाची गिरणी चालू आहे, पट्ट्याचा आवाज येतोय आणि ज्वारीच्या पिठाचा वास. मागे लांबवर ग्राइंडर का वेल्डिंग काहीतरी. समोर पाणी वाहतंय, नाला असावा, वास तोच. आणि गाड्या एकाच बाजूने जातायत.

गिरणी म्हटल्याबरोबर मला जागा कळली. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीमुळे मुख्य रस्ता बंद असायचा तेव्हा आम्ही ह्याच गल्लीतून गाड्या काढायचो. नाल्याच्या ह्या बाजूला गल्ली, त्या बाजूला आयटीआय, मध्ये चालत जायला एक साकव, त्याला एका बाजूला कठडा नाही. मी त्यांना म्हटलं फोन चालू ठेवा आणि गिरणीच्या आवाजाकडे तोंड करून हाक मारा. गिरणीवाल्या काकू बाहेर आल्या, त्यांच्याशी बोलले. त्यांनी गिरणी पोरावर टाकली, दादांचा हात धरून साकव ओलांडून बँकेच्या दारापर्यंत सोडून आल्या आणि वर मलाच फोन करून सांगितलं, "पोचवलं गं बाई, काळजी करू नको." ह्या बाईंचा सत्कार कोणी केला नाही, करायला हवा होता.

दादांनी मला फोन करायच्या आधी तिकिटावरचा हेल्पलाइन नंबर लावला होता. तिथल्या मुलीने तक्रार क्रमांक दिला आणि बहात्तर तासांत निराकरण होईल असं सांगितलं. तिची चूक नाही, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर तेवढंच असतं. पण रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला तक्रार नोंदवायची नसते हो, त्याला आपण कुठे आहोत हे हवं असतं.

आता हे झालं कसं. जे मला कळलं ते सविस्तर लिहिते कारण मला वाटतं हे बाहेर कुणालाच माहीत नाही. गाडीत "पुढील थांबा अमुक" असं जे ऐकू येतं त्याला ड्रायव्हर बटण दाबत नाही. प्रत्येक थांब्याचा अक्षांश-रेखांश भरलेला असतो आणि त्याभोवती एक गोल आखलेला असतो. जीपीएसप्रमाणे गाडी त्या गोलात शिरली की थांब्याचं नाव वाजतं, गोलातून बाहेर पडली की पुढचं नाव. केंद्राच्या २०१३ च्या शहरी बसच्या निकषांत हे बोर्ड आणि आवाजी सूचना आहेत, २०१९ पासून नव्या सार्वजनिक गाड्यांना लोकेशनचं यंत्र आणि इमर्जन्सी बटण सक्तीचं झालं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाहतूक सगळ्यांना वापरता आली पाहिजे असं स्पष्ट आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे आणि गाडीत यंत्रही आहे. पण मार्ग वळवला तेव्हा यंत्रातली थांब्यांची यादी जुनीच राहिली. आयटीआय थांब्याचा गोल नाल्यावरून अलीकडच्या गल्लीपर्यंत येतो, गोलाला नाला कळत नाही. गाडी गिरणीपाशी ट्रॅफिकमध्ये तुंबली, नेमकी त्या गोलात. स्पीकर म्हणाला आयटीआय. तेवढ्यात दोन पोरांनी "उतरू द्या" म्हणून दार उघडायला लावलं, आणि दादा उतरले. नाव ऐकलं, गाडी थांबली, दार उघडलं, माणूस अजून काय तपासणार? कंडक्टर मागे तिकिटं काढत होता, गाडी खच्चून भरलेली, त्याला दिसलंही नाही.

संध्याकाळी घरी जाताना दादा मुद्दाम चौकीत आले. मला वाटलं तक्रार लिहून द्यायला आलेत, मी रजिस्टर काढलं. म्हणाले, "ते ठेवा मॅडम. मला नवीन रस्त्याची वळणं सांगा, मी रेकॉर्ड करून घेतो." मग मी सांगत गेले आणि ते विचारत गेले, आणि त्यांचे प्रश्न ऐकून मला आमचे माहितीफलक आठवत होते. त्यांना थांब्यांच्या नावांची यादी नको होती. त्यांना हवं होतं की स्टेशन सोडल्यावर पहिलं वळण कुठल्या हाताला, मग सरळ किती वेळ, स्पीडब्रेकर किती, दार कुठल्या बाजूला उघडणार, उतरल्यावर फुटपाथ आहे की गटाराची फरशी. डोळस माणसालाही नव्या रस्त्यावर हेच हवं असतं की.

जाताना ते एक वाक्य बोलले ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "पूर्वी तुम्ही लोक ओरडायचा तेव्हा मी कधी चुकलो नाही. हे मशीन आलं म्हणून मी कंडक्टरला विचारणं सोडलं."

खरं आहे. आणि कंडक्टरांनी सांगणं सोडलं. आमच्याकडे आता एकच जुना कंडक्टर उरलाय जो स्पीकर असो नसो प्रत्येक थांबा खणखणीत आवाजात पुकारतो, नवीन पोरं त्याला हसतात. मला त्यांचा राग येतो. त्याच्या गाडीतून कधी कोणी चुकीच्या जागी उतरलेलं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरांना सांगितलं, सात नंबरवर वळण संपेपर्यंत आवाज बंद ठेवा, कंडक्टर तोंडाने सांगेल. ड्रायव्हर म्हणाले, "मॅडम, बंद केला तर आमच्या मालकाला पेनल्टी लागते आणि तो आमच्या पगारातून कापतो." मी करार काढून वाचला. बरोबर होतं. यंत्रणा बंद आढळली तर दंड. चुकीचं सांगत असेल तर त्याबद्दल त्यात एक ओळ नाही. म्हणजे गाडीने गप्प बसणं गुन्हा आणि खोटं बोलणं चालतं. हे ज्यांनी लिहिलं त्यांना बसचा आवाज ही शोभेची वस्तू वाटत असणार, कोणी त्याच्या भरवशावर पाय खाली टाकतं हे त्यांच्या मनातच आलं नसेल.

मी लेखी दिलं. कंट्रोल रूमच्या इंजिनियरने सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं, त्यांचं उत्तर की थांब्यांची यादी बदलणं हे करारातल्या कामात येत नाही, वेगळी मागणी करा, दर ठरेल, मग करू. इंजिनियर मुलगा हुशार आहे आणि वागायलाही चांगला, पण तो रोज बाईकने येतो. मी त्याला म्हटलं एक फेरी माझ्याबरोबर बस. आला. गिरणीपाशी स्पीकर "आयटीआय" म्हणाला तेव्हा त्याने खिडकीतून नाल्याकडे बघितलं आणि काही बोललाच नाही. त्या रात्री त्याने निदान आयटीआयचा गोल लहान केला, कारण तेवढं त्याच्या हातात होतं. यादी तशीच राहिली.

बाकीचं प्रवाशांनीच निभावून नेलं. आदेशात पर्यायी थांबे "तात्पुरता थांबा क्र. १", "क्र. २" असे होते, ते कोणाच्या लक्षात राहणार? पहिल्या गाडीच्या बायकांनी त्यांना गिरणी, दूध डेअरी, निळी टाकी अशी नावं पाडली, कंडक्टरांनी तीच उचलली. पुढच्या सीटवरच्या बायका स्वतःच मोठ्याने सांगायच्या, "गिरणी आली, आयटीआयवाले इथं उतरून साकवावरून जा." साडेनऊच्या गाडीत दादा असले की त्यांना साकव पार करून द्यायला कॉलेजची पोरं आपणहून उतरायची. मला कोणी विचारलं प्रवाशांचा सहभाग म्हणजे काय, तर मी हेच दाखवेन.

त्याच महिन्यात मुख्य कार्यालयात प्रवासी सभाही झाली. बुधवारी सकाळी अकराला, म्हणजे जो रोज बसने कामाला जातो त्याला रजा टाकल्याशिवाय येताच येणार नाही अशा वेळेला. दादा रजा टाकून आले. तीन गोष्टी मागितल्या. आदेशात बंद थांब्यांची नावं घाला, मार्ग वळला की त्या गाड्यांत कंडक्टरने थांबा पुकारणं सक्तीचं करा, आणि चौकीचा नंबर प्रत्येक थांब्याच्या खांबावर रंगवा. त्यांनी असंही सांगितलं की आयआयटी दिल्लीने ऑनबोर्ड म्हणून एक उपकरण केलंय, त्याने थांब्यावर आलेल्या बसचा नंबर आवाजात कळतो, मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर त्याची चाचणी झालेली आहे, आपल्याकडे का नको. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. इतिवृत्तात मात्र आलं, "उपस्थित प्रवाशांनी सेवेबाबत मौलिक सूचना केल्या." कुठल्या सूचना ते नाही. मग मीच त्या तिन्ही सूचना टाइप करून, दादांची सही घेऊन आवक-जावकला दिल्या आणि शिक्का मारून घेतला, कारण कागदावर शिक्का नसेल तर इथे काही घडलेलंच नसतं.

पूर्वी निदान नगरसेवक असायचे, परिवहन समिती असायची, थांबा हलला की सभेत आरडाओरडा व्हायचा. मग निवडणुकाच लांबल्या आणि प्रशासकाच्या काळात प्रवाशाने जायचं कुठे हा प्रश्नच राहिला. ॲपवर लोक एक स्टार देतात आणि "वर्स्ट सर्व्हिस" लिहितात, त्यात मार्ग नाही, वेळ नाही, थांबा नाही, त्यावर आम्ही तरी काय करणार? माझी हात जोडून विनंती आहे, नंबर आणि वेळ लिहा, आम्ही खरंच वाचतो.

तीनपैकी एक गोष्ट झाली. परवा आलेल्या आदेशात किलोमीटरच्या खाली "बंद राहणारे थांबे" असा रकाना होता, भरलेलाही होता. पुकारण्याचं परिपत्रक अजून निघालेलं नाही, तोपर्यंत मी माझ्या चौकीवरून सुटणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला तोंडी सांगते, काही ऐकतात काही नाही. नंबर रंगवायला निधी नाही म्हणतात, म्हणून स्टेशनपासून निळ्या टाकीपर्यंतच्या खांबांवर पेंटरकडून मी आणि त्या जुन्या कंडक्टरने मिळून लिहून घेतला.

पावसाळा संपला की उड्डाणपुलाचं काम सुरू होतंय, तेव्हा सातसह चार मार्ग वळणार आहेत. नकाशा अजून चौकीत आलेला नाही. दादांनी विचारून ठेवलंय, आला की मी त्यांना आधी वळणं सांगणार आणि मग ग्रुपवर टाकणार.