तेहतीस इंच

नातू यायला दीड महिना बाकी असताना आमच्या घरात एका टेबलावरून वाजलं. वाजलं म्हणजे भांडी आपटण्याइतकं नाही. दोन दिवस चहा न बोलता समोर येत होता, एवढंच.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका संध्याकाळी तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पांढरंशुभ्र टेबल, वर गादी, बाजूंनी कठडा, खाली दोन फळ्या, फळ्यांवर वेताच्या टोपल्या. "बाबा, याला चेंजिंग टेबल म्हणतात. अठरा हजार."

"कशाचं टेबल?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"बाळाचं, आई. लंगोट बदलायला."

हिने पदराला हात पुसत येऊन चित्र बघितलं. "शी-शू काढायला अठरा हजारांचं टेबल? तुला काय आम्ही टेबलावर वाढवली?"

नव्हती वाढवली, हे खरंच. लेकीच्या वेळी जमिनीवर सतरंजी, तिच्यावर रबराचं कापड, त्यावर माझ्या आईच्या नऊवारीची चौघडी. लंगोट वडिलांच्या धोतराचे. धुऊन धुऊन विरत आलेल्या धोतराला जो मऊपणा येतो, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. पाळणासुद्धा विकतचा नव्हता. तो माझ्या मावसबहिणीकडून आला, तिच्याकडे तिच्या नणंदेकडून आला होता, आणि आमच्याकडून पुढे कुठे गेला ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पाळणा कोणीतरी, कधीतरी, एकदाच विकत घेतो. मग तो फिरत राहतो.

मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून चौतीस वर्षं काढली. वाद सुरू झाला की टेप काढायची, ही तिथली सवय. टेबल तीन फूट बाय दोन, म्हणजे सहा चौरस फूट. घर डोंबिवलीत, वन बीएचके. चौरस फुटाला सात हजारांचा दर धरला तरी त्या टेबलाखाली बेचाळीस हजारांची जागा जाणार. टेबल अठराचं, जमीन बेचाळीसची! हा हिशेब मी मोठ्यांदा केला, ती माझी चूक. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आत्तापर्यंत माझ्या बाजूला असलेली ही तिथल्या तिथे पलीकडे गेली. "नातवाला सहा फूट जागा द्यायला जीव जातोय यांचा." चहा न बोलता यायला लागला तो त्यानंतर.

प्रायश्चित्त म्हणून मी स्वस्तातली टेबलं बघत हिंडलो. एक घडीचं होतं, कात्रीसारखे पाय आणि वर कापडाची झोळी. मी त्याला कमरेने हलकासा धक्का दिला, तर ते डुललं. दुकानदार म्हणाला, "काका, दहा किलोपर्यंत काही होत नाही." वरच्या दहा किलोंनी काही होणार नाही हो, पण झोपेतून उठून आलेल्या सत्तर किलोंचा पाय खाली अडकला तर? दुसऱ्याला चाकं होती. बाळाच्या अंथरुणाखाली चाकं लावावीत असं ज्याला सुचलं, त्याला आमच्या सोसायटीच्या उताराच्या लाद्या दाखवायला हव्यात.

तिसरा प्रकार मला मनापासून आवडला: भिंतीला लावायची फळी, हवी तेव्हा पाडायची, नको तेव्हा मिटायची, विमानतळावर असते तशी. जागेचा प्रश्नच संपला. पण अशा फळीवर वजन आलं की तिचे वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर ओढले जातात, आणि आमच्या आतल्या भिंती चार इंची. त्यांत कॅलेंडरचा खिळा टिकतो हेच नशीब. आणि सगळ्यांत महागडं टेबलही बाळाला धरून ठेवत नाही. पट्टा असो, कठडा असो, एक हात बाळावर हवाच. तो काही टेबलासोबत मिळत नाही.

मी असा हिंडत असतानाच नातू आला. तारखेच्या बारा दिवस आधी, आणि सिझेरियन करून.

पाचव्या दिवशी दोघं घरी आले. त्या रात्री मी पलंगापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. लेकीला जमिनीवर बसता येईना. बसली तर उठता येईना. मग पलंगावर बदलायचं ठरलं. पलंगाची उंची अठरा इंच. ही मोठी वाईट उंची. धड बसता येत नाही, धड उभं राहता येत नाही. ती एका हाताने कपाटाची कड धरायची, टाके सांभाळत अर्धी वाकायची आणि दुसऱ्या हाताने गाठ सोडायची. गाठ सुटेपर्यंत तिचा खालचा ओठ दातांखाली असायचा. अकरा ते सहा, चार वेळा. नवजात बाळाचं दिवसाला दहा वेळा बदलायचं धरलं, तर सव्वा महिन्यात पावणेचारशे वेळा वाकणं. हा हिशेब मात्र मी मनात केला.

पहाटे तीनला ही दुपटी घडी करता करता, कोणाकडेही न बघता म्हणाली, "माझी कंबर गेली ती तेव्हाच."

एकतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

मला माझ्या आईचा ओटा आठवला. आई आधी बसून स्वयंपाक करायची; वातीचा स्टो, शेजारी परात, पाठीशी भिंत. भाकरी थापायची ती बसून, पण डबा काढायला, पाणी घ्यायला, आम्हाला वाढायला दर दोन मिनिटांनी उठायची. मग आमच्याकडे गॅस आला. शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर ठेवायची, असं गॅसवाल्याने बजावलं. म्हणून वडिलांनी कडप्प्याचा ओटा घालून घेतला. सिलिंडरने मागितला म्हणून ओटा झाला. आईच्या गुडघ्यांनी मागितला असता तर झाला असता की नाही, देव जाणे.

सकाळी मी लेकीला आमच्या ओट्यापाशी उभं केलं. ओटा तेहतीस इंच. त्यावर दोन इंची उशी, उशीवर गुंडाळलेलं दुपटं. "बाळ समज आणि बदल." तिने दोन्ही हातांनी दुपटं उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेलं, ओठ दातांबाहेर. "बाबा, हेच हवंय," ती म्हणाली.

वरच्या मजल्यावर काम चालू होतं. तिथे अठरा एमएमचा प्लाय उरला होता, आणि मिस्त्री रिकामा होता. तीन फूट बाय दोनचा माथा, चार जाड पाय, खाली एक फळी, तीन बाजूंना आठ इंची पट्टी आणि समोर चार इंची, म्हणजे गादी घातल्यावरही काठ वर राहतो. कोपऱ्यांना गोलाई. मिस्त्रीने पट्ट्या ठोकता ठोकता विचारलं, "अंकल, मंदिर है क्या?" मी म्हटलं, तसंच समज. भिंतीवर विश्वास नव्हता, म्हणून टेबल आरसीसी कॉलमला अँगलने आवळलं. फोम आणि रेक्झिनसकट सगळे मिळून सव्वीसशे रुपये झाले. बेचाळीस हजारांची जागा माझ्या आरामखुर्चीने दिली. ती गॅलरीत गेली.

मालिशवाल्या मावशींनी त्या टेबलाला हात लावला नाही. "त्याच्यावर काय इस्त्री करायची का पोराची?" म्हणाल्या आणि न्हाणीघरात पाट मांडून, पाय पसरून बसल्या. दोन नडग्यांची पन्हळ होते, तिच्यात बाळ बरोबर मावतं. घरंगळायला वावच नाही. पाणीही पायांवरून आपोआप उताराला जातं. मी बराच वेळ बघत राहिलो. इतका नेमका उतार मला कधी काँक्रीटमध्ये साधला नव्हता.

पण बाकी दिवसभर टेबलच. आणि एक गंमत झाली. जावई नाशिकला नोकरीला, शनिवारी यायचे. पलंगावर बदलाबदली चालायची तेव्हा ते लंगोट हातात धरून उभे असायचे, लग्नात अक्षता धरतात तसे. टेबल आल्यावर पहिल्याच शनिवारी बाही दुमडून पुढे झाले. काम उभ्याने करायचं आणि अवजारं हाताशी मांडलेली, म्हटल्यावर पुरुषाला ते काम वाटायला लागतं की काय कोण जाणे. मी स्वतः त्रेसष्टाव्या वर्षी, पहाटे चारला, आयुष्यातला पहिला लंगोट सोडला. लेकीचा एकही सोडला नव्हता. गाठ सुटली, गार वारा लागला आणि कारंजं थेट चष्म्यावर. अंधारातून हिचा आवाज आला, "सोडायच्या आधी वरून दुपटं टाकायचं असतं." हेही ज्ञान एकतीस वर्षं घरातच होतं.

पुढे एकदा जावई तणतणत आले. मॉलमध्ये बदलायची फळी फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात. त्यांनी गाडीच्या डिकीत बदललं. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तो म्हणाला, तिकडे २०१६ साली ओबामांनी कायद्यावरच सही केली, की लोकांसाठी खुल्या असलेल्या केंद्र सरकारच्या इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहांतही अशी सोय हवी. त्या फळीची उंची किती ठेवतात, असं मी विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं.

चार महिने झाले आणि एके दुपारी नातवाने गादीवर कूस बदलली. अर्धीच, आणि माझा हात पोटावर होता. पण नजर बाळापेक्षा टेबलाच्या कडेवर जास्त राहायला लागली की टेबल संपलं. ही काही न बोलता सतरंजी घेऊन आली आणि जमिनीवर अंथरली. त्याने तिथे दणादण तीन लोळण्या घेतल्या. तोवर लेकीलाही खाली बसता-उठता यायला लागलं होतं.

टेबल महिनाभर रिकामं. म्हणजे त्यावर इस्त्रीचे कपडे, माझी औषधं, कुकरची शिट्टी. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंची सून विचारायला आली. तिला सातवा लागलेला. "काका, झालं असेल तर आम्ही नेऊ का?"

मी टेप काढली. ती जेमतेम चार फूट अकरा. टेबलापाशी उभी राहिली तर कोपर नको तितकं वर जात होतं. "चार इंच कापावे लागतील," म्हणून मी पायांवर खूण करायला गुडघ्यावर बसलो.

"कापू नका हं, काका," ती घाईघाईने म्हणाली. "रात्रीचं सगळं मीच करणार, असं हे म्हणालेत."

मी वर बघितलं. हे दारात उभे होते. डोकं चौकटीला लागायला दोन बोटं कमी. मी उठलो, त्यांना टेबलापाशी उभं केलं आणि पुन्हा मोजलं. "मग खाली तीन इंचांचे ठोकळे द्यावे लागतील. करून देतो."

"आधी बघू तर द्या किती रात्री उठतो ते," ही आतून म्हणाली. "मग लावा ठोकळे."