मोठी मायचं रेकॉर्डिंग

काल कानबाईच्या (आमच्या खान्देशातली देवी) रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या सणाला, अमळनेरकडे गावी गेलो होतो, दारातच मोठी मायने, म्हणजे माझ्या आजीने, माझ्या पोरीला विचारलं "कव्हय उनी व माय?" (कधी आलीस गं?) आणि पोरगी माझ्याकडे बघायला लागली, मी भाषांतर करून सांगितलं. पणजी-पणतीच्या मधे दुभाष्या मी, कसं वाटलं काय सांगू. चूक माझीच म्हणा. शाळेत अहिराणी, ही आमची खान्देशातली बोली, बोललं की "नीट बोल" म्हणून दणका मिळायचा, तेव्हापासून घरातही नीटच बोलायची सवय लागली ना.

मग दुपारी मोबाईल तिच्यासमोर ठेवला, म्हटलं कानबाईची गाणी म्हण. दोन म्हटली, तिसऱ्याला अडकली, म्हणे हे जात्यावरच आठवतं, बसून नाही. जातं तर कधीच अंगणात पडलंय, त्यात तुळस लावलीय! शेवटी नुसताच हात गोल फिरवत बसली आणि खरंच आख्खं गाणं आलं की. मधे दोनदा कुकरची शिट्टी आलीय, राहू दे.

2011 च्या जनगणनेत अहिराणी धरून खान्देशी भाषेत मोजलेले लोक अठरा लाखांच्या वर होते, आमच्या घरातून मात्र मराठीच लिहिलेलं.

पोरगी आता गाडीत मागे बसून "आंडेर, आंडोर" (मुलगी, मुलगा) करतेय, आणि धल्ला म्हणजे म्हातारा हे कळल्यापासून मला त्याच नावाने हाक मारतेय 😄