थर्माकोलचं खोड आणि त्यावरची पाटी

बागेच्या फाटकासाठी जुनाट, पीळदार खोड आणि त्यावर नावाची पाटी, असं काम आलं. आधी ठरवली ती अक्षरांची उंची. ३ मीटर अंतरामागे साधारण २५ मिलिमीटर, हा आमचा हिशोब. ३० मीटरवरून सहज वाचता यायचं तर अक्षर २५० मिलिमीटरचं हवं. पाटी मोठी झाली की खोडही वाढतं, हे ग्राहकाला कागदावरच पटवलेलं बरं.

मग मातीचा छोटा नमुना, त्यावरून लोखंडी सांगाडा. थर्माकोलचा घनमीटरभर ठोकळा २० किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे नवख्याला एवढं लोखंड उगाच वाटतं. पण खरा जोर वाऱ्याचा असतो. जोड कुठे ठेवायचे तेही इथंच ठरतं, कारण प्रत्येक तुकडा दारातून निघायला हवा.

तापलेल्या तारेनं ढोबळ आकार काढला (खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, तो धूर चांगला नाही) आणि मग करवत, तारेचा ब्रश घेऊन साल कोरायला बसले. मिस्त्री मागून येऊन एकच सांगायचे, "अजून खोल घे." जवळून ती साल अगदी भडक दिसत होती. पण वर फायबरचं (काचतंतूंचं) कापड, ते घट्ट करणारं रेझिन, पुट्टी, प्रायमर चढत गेले तसतशा फटी बुजत गेल्या आणि बारीक रेघा तर दिसेनाशाच झाल्या. तेवढं खोल घेतलं म्हणूनच साल उरली. आता डोळ्याला पटतं त्याच्या पुढे जाऊनच मी थांबते.

पॉलिएस्टर रेझिन थेट लावलं तर त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं, म्हणून स्टायरिन नसलेलं इपॉक्सी रेझिन. ते एकदम खूप कालवलं तर डब्यातच तापून घट्ट होतं. थोडं थोडं, पसरट भांड्यात कालवायचं. फायबर घासल्यावरची खाज मात्र कशानंच लवकर जात नाही.

रंगकाम सगळ्यात झटपट. गडद तपकिरी हात, फटींत पातळ काळपट रंग सोडून वरचा पुसायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिका रंग. ग्राहक बघायला आले तेही नेमके तेव्हाच, आणि सगळं कौतुक रंगाचं!

बसवताना जोडाची फट जागेवरच भरून सालीच्या रेघा पुढे ओढायच्या होत्या. दुपारच्या उन्हात इपॉक्सी फार घाईनं आवळतं, म्हणून ते काम आम्ही संध्याकाळवर ढकललं.