आजीच्या ट्रंकेतला चारमिनार

आज ट्रंक आवरताना आजीच्या लुगड्याच्या घडीत निजामाचा एक रुपया सापडला. हाली सिक्का, म्हणजे हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं नाणं. वर चारमिनार, मधल्या कमानीत बारीक 'ऐन' हे उर्दू अक्षर, म्हणजे शेवटचा निजाम उस्मान अली याचं आद्याक्षर. भाच्यानं लगेच फोटो स्टेटसला ठेवला आणि दहा मिनिटांत काकांचा फोन, "आधी काढ म्हणावं ते!"

काकांचा राग मला कळतो. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धाकानं आमची माणसं रातोरात संस्थानाच्या हद्दीपलीकडं पळाली, ती १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आल्यानंतरच परतली. पण पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजेच्या हैदराबादवरच्या त्या कारवाईनंतर, कितीतरी निरपराध मुसलमानही मारले गेले. त्यावर आपल्याकडं कुणी फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हाच रुपया कुणाला चिडवायला मिरवणुकीत नाचवला तर मी स्वतः आडवा येईन. पण घरातला का लपवायचा? त्याच राजवटीतल्या कुणबी नोंदींसाठी, मराठा आरक्षणाचा आधार म्हणून हैदराबाद गॅझेट लागू व्हावं यासाठी, २०२५ मध्ये मराठवाड्यातली माणसं मुंबईपर्यंत गेली की!

भाच्याला म्हटलं, स्टेटस राहू दे, पण खाली आजीची गोष्ट लिही. कापूस वेचून साठवलेला रुपया होता तो. पळतानाही तिनं पदराच्या गाठीत घट्ट बांधून नेला होता.