वॉज, सेड, शिप आणि चिंचोके

मी झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. सध्या गेटवर भेटणाऱ्या प्रत्येक पालकाचा एकच प्रश्न असतो, बाई रोज किती स्पेलिंग पाठ करून घेऊ? काही जणांनी तर मोबाईलवरनं ती २२० साइट वर्ड्सची, म्हणजे बघताक्षणी ओळखता यावेत अशा इंग्रजी शब्दांची, यादी काढून, झेरॉक्स मारून घरात भिंतीवर चिकटवलीये. त्यांची धडपड मला मनापासून आवडते, कारण यातल्या बऱ्याच जणांनी स्वतः एबीसीडी पाचवीत गिरवलीये (पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे २००० साली आलं), आणि पोराचं तसं होऊ नये एवढंच त्यांना वाटतं. पण त्या यादीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगायलाच हवी.

ही यादी एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांची, १९३६ सालची. लहान मुलांच्या पुस्तकांत सारखे सारखे येणारे शब्द त्यांनी वेचले, द, टू, ॲन्ड, ही, यू, वॉज, सेड असले, आणि नामं बाजूला काढून त्यांची ९५ शब्दांची वेगळी यादी केली. काम उत्तमच आहे. पण ज्या पोरांसाठी केलं ती पोरं शाळेत यायच्या आधीपासून घरात दिवसभर वॉज आणि सेड बोलत होती! त्यांना फक्त एवढंच शिकायचं होतं की आपण जे बोलतो ते कागदावर असं दिसतं. आपल्या पोराच्या कानावर सेड कधी पडलेलंच नसतं, अर्थ माहीत नसतो, तोंडात बसलेलं नसतं, आणि आपण थेट एस-ए-आय-डी घोकायला लावतो. मग ते त्याच्यासाठी चार अक्षरांचं नुसतं गाणं होतं. गाणं पाठ होतं हो, चाल लावून पूर्ण म्हणतात, पण तोच शब्द पुस्तकातल्या ओळीत आला की बोट अडतं.

दहा वेळा लिहून आण म्हटलं की काय होतं ते एकदा पोराच्या शेजारी बसून बघा. ते बिग हा शब्द दहा वेळा लिहीतच नाही. आधी वरपासून खालपर्यंत दहा बी काढतं, मग शेजारी दहा आय, मग दहा जी. पान भरतं, अक्षरही छान असतं, आणि बिग हा शब्द त्याच्या डोक्यातून एकदाही गेलेला नसतो. यात पोराची काही चूक नाही, त्याला सांगितलेलं काम त्यानं सगळ्यात सोप्या रस्त्यानं संपवलं.

म्हणून माझ्या वर्गात शब्द आधी कानावर आणि तोंडात येतो, मग कागदावर. चार-पाच दिवस नुसतं बोलायचं, वही बंद. व्हेअर इज द बॉल, हिअर इज द बॉल, दप्तराखाली लपवायचा आणि शोधायचा, बास. पोरं रिकाम्या तासालाही हेच खेळतात.

मग चौकटी आणि चिंचोके. ही पद्धत मूळची दानिल एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञाची, चिंचोके आमचे. पाटीवर तीन चौकटी आखायच्या, शब्द सावकाश म्हणायचा आणि जितके आवाज ऐकू येतील तितके चिंचोके एकेका चौकटीत सरकवायचे. शिप म्हटलं की सुरुवातीला सगळी पोरं दोनच सरकवतात, शि आणि प. बरोबरच आहे ना, मराठीत आपण तसंच तोडतो, शि हे आपल्यासाठी एकच अक्षर. मग मी विचारते शि कसा झाला, आणि लगेच ओरडतात श ला पहिली वेलांटी शि! म्हणजे श वेगळा, इ वेगळी, हे बाराखडीनं त्यांना आधीच शिकवून ठेवलंय, फक्त इथे वापरायला सांगावं लागतं. तिसरा चिंचोका गेला की मग चिंचोक्यांच्या जागी अक्षरं लिहायची, आणि एस-एच दोघं मिळून एकाच चौकटीत. चार अक्षरं पण तीनच आवाज, हे पोरांना चौकटीत डोळ्यांनी दिसतं, वेगळं समजवावं लागत नाही.

या टप्प्यावर मी अक्षरांच्या नावांपेक्षा आवाजांवर भर देते. डब्ल्यू या नावात व कुठंय सांगा? एच मधे ह तरी आहे का? पोरगं नाव घोकतं आणि वाचताना ते नाव काही कामाला येत नाही. आवाज पक्के झाले की त्या २२० मधले कितीतरी शब्द पाठ करायची गरजच उरत नाही, इट, इन, कॅन, डिड, बिग, रन, रेड, सिक्स, टेन हे सगळे सरळ आवाजावरनं लिहिता येतात.

राहतात ते वाकडे शब्द. तेसुद्धा पूर्ण वाकडे नसतात. सेड मधे पहिला एस सरळ, शेवटचा डी सरळ, गडबड फक्त मधल्या ए-आय ची. तेवढ्यालाच लाल खडूनं गोल करायचा आणि तेवढंच लक्षात ठेवायचं, आणि पे चं पेड होतं तसंच से चं सेड झालंय, फक्त बोलताना आवाज बदलला, हेही सांगायचं. टू म्हणजे दोन यात मधे डब्ल्यू का असं पोरं हमखास विचारतात, तर ट्वेल्व, ट्वेंटी, ट्विन म्हणून दाखवा, तिथं तो ऐकू येतो, सगळं दोनाचंच कुटुंब आहे. असं कारण मिळालं की पोरं ते विसरत नाहीत.

आणि चुका नीट वाचा. एका पोरीनं वॉज चं स्पेलिंग डब्ल्यू-ओ-झेड लिहिलं. मी फुली मारली नाही. तिनं तिन्ही आवाज अचूक पकडले होते, इंग्रजीची सवय तेवढी तिला अजून माहीत नव्हती. दुसऱ्या एकानं डब्ल्यू-एस-ए लिहिलं, ते मात्र नुसतं पाठांतर घसरलेलं, त्याला परत चिंचोक्यांवर बसवावं लागतं. दोघांना शून्य दिलं तर कुणाला काय शिकवायचं हेच कळणार नाही. शिवाय वॉज आणि सॉ, हू आणि हाऊ, फॉर आणि फ्रॉम ह्या लिहिल्यावर सारख्या दिसणाऱ्या जोड्या एका आठवड्यात कधीच घेऊ नका, एक पक्का होईस्तोवर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही.

व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्या कानाला व च, त्यामुळं तिथं घोळ राहणारच, दुसरीपर्यंत मी त्यावर ताणत नाही.

डिक्टेशनला सुटे शब्द देणं मी बंद केलंय. बोलून झालेलं छोटं वाक्य देते, ही वॉज इन द शॉप एवढंच. पुढच्या पालकसभेत पालकांनाच पाट्या देऊन बसवणार आहे, आई येवो नाहीतर आजी, कारण शाळेत न गेलेल्या आजीलाही शिप मधले तीन आवाज ऐकू येतातच, आणि संध्याकाळी नातवासोबत चिंचोके सरकवायला तेवढं पुरतं.