‘बेलगाम’ आणि ‘बेलगावी’ यांच्यामध्ये अडकलेला पासपोर्ट

नोव्हेंबरच्या मध्यावर मी, माझी पत्नी, थोरले बंधू आणि वहिनी असे चौघे जण राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेळगावहून बेंगळुरूला आणि तिथून विमानाने बँकॉकला गेलो. तिथली मंदिरे, बोटी आणि बाजार यांचे वर्णन पुष्कळांनी केलेले असल्यामुळे मी ते वगळतो. आमच्या सहा दिवसांच्या सहलीचे आठ दिवस कसे झाले, तेवढेच लिहितो, कारण खानापूर, निपाणी, चंदगड या भागातून आता बरेच लोक थायलंडला जाऊ लागले आहेत.

शनिवारी दुपारी चाटुचाकच्या बाजारात वहिनींनी नारळपाण्याचे पैसे द्यायला पर्स पुढे घेतली, तेव्हा तिची चेन अर्धी उघडी होती आणि आतला पासपोर्ट गेलेला होता. पैशांचा बटवा मात्र जागेवर होता, कारण तो त्यांनी सवयीप्रमाणे कमरेला खोचला होता. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून बाहेर फिरताना फक्त त्याची झेरॉक्स बाळगावी, असे आदल्या दिवशीच बोलणे झाले होते; पण ‘परदेशात कागद अंगावर हवा’ या समजुतीपायी वहिनींनी तो बरोबर घेतला होता.

पहिला तास आम्ही दुकानोदुकानी विचारण्यात घालवला, आणि तो वाया गेला. अशा वेळी प्रथम पर्यटक पोलिसांच्या 1155 या क्रमांकावर फोन करावा, कारण तिथे इंग्रजी समजते. नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवावी आणि तिची शिक्क्यासह प्रत मागून घ्यावी. या एका कागदावर पुढचे सगळे अवलंबून असते: भारतीय वकिलातीतला अर्ज, प्रवास विम्याचा दावा आणि भारतात परतल्यावर नव्या पासपोर्टचा अर्जही. आमच्या प्रतीत वहिनींच्या आडनावाचे एक अक्षर चुकले होते. ते तिथेच दुरुस्त करून घेतले नसते, तर सोमवारी पुन्हा तिकडे जावे लागले असते.

आमचे परतीचे विमान सोमवारी रात्रीचे होते आणि वकिलात शनिवार-रविवार बंद असते. तातडीच्या प्रसंगासाठी वकिलातीच्या संकेतस्थळावर वेगळा क्रमांक दिलेला असतो. तो निघण्यापूर्वीच फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवावा. वकिलातीला भारतीय सणांबरोबर काही स्थानिक सुट्ट्याही असतात, याचा विचार परतीची तारीख ठरवताना सहसा कोणी करत नाही.

पासपोर्ट हरवलेल्या पर्यटकाला वकिलात सहसा आपत्कालीन प्रमाणपत्र देते. ते फक्त भारतात परतण्यापुरते चालते. त्यावर वाटेत दुसरा देश पाहता येत नाही. त्यासाठी अर्ज, पोलिसांची प्रत, छायाचित्रे आणि आपण भारतीय आहोत याचा पुरावा लागतो, आणि नेमके इथेच आमचे घोडे अडले. रविवारी पुतण्याने बेळगावातल्या घरी कपाट उघडून रेशन कार्डाच्या पिशवीतून पासपोर्टची जुनी झेरॉक्स शोधली आणि तिचा फोटो पाठवला. त्या झेरॉक्सवर जन्मस्थान ‘बेलगाम’ या जुन्या इंग्रजी स्पेलिंगने होते, कारण 2017 च्या नूतनीकरणात जुनीच नोंद पुढे आली होती; आधार कार्डावरच्या पत्त्यात मात्र ‘बेलगावी’ असे होते. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने साहजिकच विचारले की ही दोन गावे आहेत की एक. बंधूंनी 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बदलल्याचे तारखेसकट सांगितले. 1 नोव्हेंबर ही तारीख सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळ्या कारणाने, काळा दिन म्हणून, पाठ असतेच. खुलासा मान्य झाला, पण लेखी द्यावा लागला.

म्हणून आपल्याकडच्या प्रवाशांनी निघण्यापूर्वी पासपोर्ट, आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून गावाचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनावाचे स्पेलिंग ताडून पाहावे. दाखला केवळ कन्नड किंवा मराठीत असेल, तर इंग्रजी प्रत जवळ असावी. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत एक स्वतःजवळ, एक सोबत्याच्या सामानात आणि एक ईमेलमध्ये ठेवावी.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सुटलो, असे आम्ही धरून चाललो होतो. पण थायलंडमधील प्रवेशाचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टात असल्यामुळे त्याची नोंद नव्या कागदावर करून घेण्यासाठी शहराच्या उत्तरेला, चेंग वत्थना येथील इमिग्रेशन कार्यालयात जावे लागले. तिकिटे दोन दिवस पुढे ढकलावी लागली ती यामुळे. फरकाचे पैसे विम्यातून काही प्रमाणात मिळतात, मात्र पावत्या जपाव्या लागतात.

वकिलातीकडून काय मागावे, याचीही कल्पना हवी. ती हॉटेलचे बिल भरत नाही, कोर्टात तुमची बाजू मांडत नाही आणि स्थानिक कायद्यातून सोडवतही नाही. अटक झाल्यास मात्र वकिलातीला कळवावे, अशी मागणी करण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार प्रत्येकाला आहे. तो ठामपणे सांगावा. घरच्यांना इथून पाठपुरावा करायचा असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. पर्यटक म्हणून थायलंडमध्ये प्रवेश मिळाला, तरी काम करण्याची परवानगी मिळत नाही. ‘डेटा एंट्री’च्या आमिषाने बोलावून थायलंडच्या सीमेवरच्या मे सॉत गावामार्गे म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च 2025 मध्ये वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय त्याला एक रुपयाही देऊ नये.

परतल्यावर वहिनींनी बेळगावातच पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात नवा अर्ज केला. हरवलेला पासपोर्ट रद्द होतो आणि तो पुढे सापडला तरी वापरता येत नाही, हे तिथे त्यांना बजावून सांगण्यात आले. नव्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेलगावी’ असे आले आहे. त्याच्या तीन झेरॉक्स त्यांनी काढल्या असून त्यांतली एक आमच्या कपाटात आहे.