एवढेसे बेडूक ओळखता तरी कसे?

पावसाळ्यात माझ्याबरोबर पाणंदीनं फिरायला आलेली माणसं हमखास विचारतात, "आम्हाला नुसता चिखल दिसतो. तुम्हाला त्यातले एवढेसे बेडूक दिसतात कसे आणि कोणता कुठला ते कळतं कसं?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मला ते आधी ऐकू येतात. यंदा मृगाचं वाहन बेडूक आहे की मेंढा, हे घरातले कॅलेंडरात बघतात तेव्हा माझे कान भाताच्या खाचराकडे लागलेले असतात. पहिला दमदार पाऊस झाला की त्या रात्री कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढावं तसा कर्रर्र आवाज सुरू होतो. हा मायक्रोहायला, इवल्याशा बेडकांच्या एका गटातला. जवळ गेलं की सगळं खाचर गप्प. अशा वेळी बॅटरी विझवून बांधावर उकिडवं बसायचं. दोन-तीन मिनिटांत एका कोपऱ्यातून एक जण सुरुवात करतो, मग दुसरा. तेव्हा हळूच उजेड टाकायचा. भुईमुगाच्या शेंगेएवढा जीव, निमुळतं तोंड आणि गळ्याचा फुगा डोक्याहून मोठा. पाठीवर डोळ्यांच्या मधून निघून मागे रुंद होत जाणारी गडद नक्षी असते. ती एकदा नजरेत बसली की हा पुन्हा चुकत नाही.

बाकीच्यांच्या बाबतीत मात्र रंगावर अजिबात जाऊ नका. बांधावर पावला-पावलाला उडी मारणारा जो छोटा बेडूक असतो, तो एकाच खाचरात करडा, विटकरी, हिरवट असा सगळ्या रंगांत भेटतो. कुणाच्या पाठीवर मधोमध फिकी रेघ असते, कुणाच्या नसते. मी आधी पाय बघते. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतील तर तो चढणारा. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा बेडूक त्यातलाच. मागच्या बोटांमध्ये भरपूर पडदा असेल तर पाण्यातला. कातडी कोरडी, पुळ्या-पुळ्यांची आणि डोळ्यामागे फुगीर गाठी असतील तर भेक, म्हणजे इंग्रजीतला टोड. त्या गाठींत विष असतं, म्हणून कुत्र्यानं भेक तोंडात धरला की त्याच्या तोंडाला फेस येतो. आणि मागच्या टाचेशी फावड्यासारखा कडक उंचवटा दिसला तर तो बिळं करणारा. त्याला भुसभुशीत मातीवर बघावं. तोंड आपल्याकडेच ठेवून, मागच्या पायांनी माती सारत तो जागच्या जागी खाली उतरत जातो. शेवटी दोन डोळे उरतात, मग तेही नाहीत.

माझी स्वतःची मोठी चूक झाली ती पिल्लांपाशी. एका तळ्याच्या काठी शेकडो काळपट, जेमतेम सेंटिमीटरभर भेक दिसले आणि ही वेगळीच बुटकी जात असं मी वहीत ठामपणे लिहून ठेवलं. ती आपल्या नेहमीच्या, अंगणात दिव्याखाली किडे टिपणाऱ्या भेकाची पिल्लं होती, शेपूट गळून नुकतीच जमिनीवर आलेली. तेव्हापासून लहान दिसला की तो मुळातच लहान आहे की अजून वाढायचाय, हे आधी विचारते.

खरोखरच छोटा भेक बघायचा तर आंबोलीचा सडा, म्हणजे तिथलं कातळाचं पठार. अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळे पट्टे असलेला झँथोफ्रायनी टायगरिना तिथं जांभ्याच्या कातळावर राहतो. २००९ साली बेडकांचे अभ्यासक डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पहिल्या पावसात कातळातल्या बोटभर खोल डबक्यांत तो अंडी घालतो. आपण ज्याला 'नुसतं साचलेलं पाणी' म्हणतो आणि बुटासकट ज्यातून चालत जातो, ते हेच. अतिसंकटग्रस्त यादीत असलेला हा प्राणी आपल्या पायाखाली येऊ शकतो, या विचारानं मला तिथं मोकळेपणी पाऊल टाकवत नाही. घाटातल्या रस्त्यावर रात्री गाडी चालवताना तर फार जीव तुटतो. ओल्या डांबरावर चपटे झालेले किती दिसतात! पहिल्या पावसाच्या रात्री शक्यतो घाटातून गाडी नेऊ नका, नेलीत तर हळू न्या.

हातात घेऊ का, असंही विचारता. नको. बेडूक कातडीनंही श्वास घेतो आणि आपल्या हाताला मीठ असतं, डास पळवायचं मलम असतं. फोटो काढाल तर पाठीचा एक, कुशीचा एक आणि बोटं दिसतील असा एक काढा.

एवढं करूनही झुडपांतले बेडूक मला चकवतात. कारवीच्या पानामागून टिक्-टिक्-टिक् येतं, अंगठ्याच्या पेराएवढा कुणीतरी दिसतो. याची पिल्लं डबक्यात वाढत नाहीत, अंड्यातूनच इवलासा बेडूक बाहेर येतो. याच्या भाईबंदांतले काही दिसायला इतके सारखे की अभ्यासकसुद्धा आवाज आणि डीएनए तपासूनच त्यांना वेगळं काढतात. तिथं मी जातीचं नाव लिहीत नाही. तारीख, जागा, जमिनीपासून किती उंच बसला होता आणि एका दमात किती वेळा टिक् केलं, एवढंच वहीत उतरवते. गेल्या आषाढातल्या एकाच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. त्याच कारवीपाशी यंदा पुन्हा जाऊन बसणार आहे.